तीन वावांवरचा थांबा

शिकायला आलेली माणसं इनोकेला पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसते. हाडापेरानं दांडगा माणूस, कमरेला लुंगीसारखा सुलू गुंडाळलेला, हातात पेरूच्या फांदीची काठी आणि उजवा पाय वाळूत ओढत चाललेला. हा आपल्याला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवणार? मग तो काठी वाळूत रोवतो, छातीभर पाण्यात शिरतो, आणि त्याचं लंगडणं दिसेनासं होतं. पुढं कुणी शंका काढत नाही.

खोल समुद्रात त्यांना तो नेत नाही. ते काम मॅरियनचं. ती परदेशी, टाऊन्सव्हिलची, आमच्या तावेउनी बेटावर पंधरा वर्षांपूर्वी आली आणि नावुनिवी गावाच्या किनाऱ्यावर तिनं स्कूबा शिकवायची शाळा काढली. टाक्या तिच्या, परवाना तिचा, प्रमाणपत्रावर सही तिची. होडी मी चालवतो. पण पहिले दोन दिवस, उथळ पाण्यात, माणसाच्या छातीतली धडधड उतरवायची असते, ते काम इनोकेचं. तो स्वतः टाकी लावत नाही. डॉक्टरांनी त्याला कायमची बंदी केली आहे. तो वर तरंगत, मास्क लावून, शिकणाऱ्याचा हात धरून असतो.

मी सिरेली, त्याचा मामेभाऊ. आमच्याकडं आतेमामे भावंडांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नसतं, चिमटे काढतच बोलायचं. मी त्याला बदक म्हणतो, तो मला डिझेल म्हणतो, आणि दोघंही एकमेकांना मेव्हण्या. त्याची हकीकत मात्र मी सरळ सांगणार आहे.

तो चोवीस वर्षांचा होता, मी बावीसचा. त्या वर्षी एका व्यापाऱ्याची मोठी लाँच आमच्या गावासमोर नांगर टाकून उभी राहिली. त्याला समुद्रकाकड्या हव्या होत्या. वाळूवर पडून राहणारा तो लठ्ठ, मऊ जीव. लहानपणी आम्ही तो पायानं लोटत खेळायचो. परमुलखात लोक तो सुकवून मेजवानीत खातात, हे आम्हाला तेव्हा कळलं. किनाऱ्याजवळच्या काकड्या वेचून संपल्या होत्या. उरल्या होत्या त्या प्रवाळाच्या कड्यापलीकडं, वीस-बावीस वाव खोल, म्हणजे सव्वाशे फूट तरी. तिथवर नुसत्या दमावर कुणी जाऊ शकत नाही, म्हणून लाँचवर हवेच्या टाक्या होत्या.

आमचं शिक्षण एका कप चहात उरकलं. लाँचवरच्या माणसानं नळी दाखवली. "ही तोंडात धरायची. श्वास घ्यायचा. पिशवी भरायची. हवा ओढायला जड लागली की वर यायचं. काही विचारायचंय?" कुणालाच काही विचारायचं नव्हतं. काय विचारायचं हे कळायलाही थोडं ठाऊक असावं लागतं.

इनोके गावातला सगळ्यात चांगला पाणबुड्या. तो दिवसातून चार-चार वेळा जायचा, पाच आठवडे गेला. संध्याकाळी खांदे ठणकायचे, कोपरं दुखायची. आम्ही म्हणायचो, पिशवी जड आहे म्हणून. सहाव्या आठवड्यात एका दुपारी टाकी अचानक संपली आणि तो बाणासारखा वर आला. मी त्याला हात देऊन लाँचवर ओढलं. तो हसत होता. कसाव्याच्या उकडलेल्या कंदाचा तुकडा खात बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मेव्हण्या, माझ्या पायावर कोण बसलंय बघ रे."

मी म्हटलं, "तुझी बायको. अजून लग्न नाही झालं, पण ती आत्तापासून बसलीय."

त्याच्या पायावर कुणीच नव्हतं. तो उठायला गेला आणि पोत्यासारखा खाली कोसळला.

व्यापारी काम टाकून निघेना, लाँच गावात आणायला एक रात्र गेली, राजधानीला, सुव्याला जाणारी बोट मिळायला अजून दीड दिवस. तिथं त्याला एका पोलादी पिंपात झोपवून आत हवेचा दाब वाढवला. डॉक्टर भले होते, पण म्हणाले, फार उशीर झाला. डावा पाय तीन महिन्यांनी परत आला. उजवा अर्धाच आला. गुडघ्याखाली त्याला आजही काही कळत नाही. लघवीचाही त्रास आहे, पण ते त्याला कापून टाकलं तरी तो तुम्हाला सांगणार नाही.

गावानं आपला अर्थ लावला. कड्यापलीकडची ती जागा आमच्या शार्कदेवाची. आम्ही रविवारी चर्चला जातो, तरी त्या जागेवरून जाताना आवाज खाली करतो. इनोकेनं तिथं पिशव्या भरल्या, देवानं त्याचा पाय घेतला, असं ठरलं. माझी वासेमाका आत्या, म्हणजे इनोकेची आई, यांगोनाच्या, म्हणजे आमचं मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळांची जुडी घेऊन गावप्रमुखाकडं गेली आणि सगळ्या गावासमोर माफी मागून आली. इनोकेनंही ते मान्य केलं. शिक्षा झालेला माणूस जसा गप्प राहतो तसा तो राहिला. लग्न ठरत होतं, ते मोडलं. आईशेजारी बसून तो चटया विणायला शिकला. आमच्यात ते बायकांचं काम. गल्लीतून जाणारे हसायचे. मी हसत नव्हतो आणि चिमटेही काढत नव्हतो. त्याला तेच जास्त लागायचं.

अशी आठ वर्षं गेली. मग मॅरियन आली.

तिनं मला होडीवर घेतलं. माडाच्या झाडाखाली चार बाकं टाकून ती पाहुण्यांना शिकवायची. इनोके चटई घेऊन मागं सावलीत बसायचा, करमणूक म्हणून. त्याला इंग्रजी चांगलं कळतं. एका सकाळी मॅरियनपुढं चार माणसं बसली होती. तिनं लेमनची बाटली हातात घेतली, गदागदा हलवली आणि झाकण एकदम उघडलं. सगळं फसफसून तिच्या हातावर आलं. दुसरी बाटली हलवली आणि झाकण अगदी हळूहळू फिरवलं. काहीच सांडलं नाही.

"तुमचं रक्त असंच आहे," ती म्हणाली. "खोलात हवा त्यात मुरते. झपकन वर आलात तर तिचे बुडबुडे होतात. ते पाठीच्या कण्यात अडकले तर पाय जातात. म्हणून आपल्या सगळ्यात बारीक बुडबुड्यापेक्षाही हळू वर यायचं, आणि तीन वावांवर तीन मिनिटं थांबायचं. आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल."

मी होडीत इंजिनाशी खटपट करत होतो. मान वर केली तर इनोके उभा. काठी न घेता उभा. तोंडाला रंग नव्हता.

"बाई," तो मागून म्हणाला. चौघंही वळले. "हे कधी कळलं लोकांना?"

मॅरियनला प्रश्न समजला नाही. "कळलं म्हणजे? शंभरएक वर्षं झाली असतील."

"आणि हे तुम्ही सगळ्यांना सांगता? पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच सकाळी," ती म्हणाली. मग तिची नजर त्याच्या पायाकडं गेली, आणि ती खाली बसली.

चार दिवस तो घराबाहेर आला नाही. पाचव्या दिवशी मी आत गेलो. तो भिंतीकडं तोंड करून बोलला, "मेव्हण्या, देवानं नाही घेतला माझा पाय. देवाला मी उगाच आठ वर्षं घाबरलो. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. पाहुण्यांना लेमनच्या बाटलीवर शिकवतात. मला कुणी पाच मिनिटं दिली असती तर..."

मला वाटलं आता चिडेल, व्यापाऱ्याचं नाव काढून शिव्या देईल. तो म्हणाला, "चल, मला किनाऱ्यावर ने." मॅरियनसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तो बाटलीचा धडा उद्यापासून मी देणार. पगार दिला नाहीत तरी चालेल."

तिनं पगार दिला. तेव्हापासून तो तिथंच आहे.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हेल्मा नावाच्या एक बाई आल्या, हॉलंडच्या. वय एकोणसाठ. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या निघालेल्या. बाकी सगळं त्यांना जमलं, पण पाण्याखाली मास्क काढून पुन्हा घालायचा असतो, तिथं गाडी अडली. मास्क काढला की त्या उसळी मारून वर येत. पहिल्या दिवशी सहा वेळा आल्या. छातीभर पाण्यातून उसळणं धोक्याचं नाही, पण तीच सवय खाली घेऊन गेलं तर काय होतं हे आम्हाला ठाऊक होतं. मॅरियन म्हणाली, "यांना नाही जमणार. पैसे परत देऊ."

इनोके म्हणाला, "ताई, तुम्ही संध्याकाळी आमच्या घरी या. जेवायला."

जेवणाआधी त्यानं अंगणात त्यांच्यापुढं पाण्यानं भरलेली बादली ठेवली. "तोंड बुडवा. डोळे उघडे. नाकातून बुडबुडे सोडा. मी वीस मोजतो."

आत्या पायरीवर बसून अळूचे कंद सोलत होती. तिनं आपल्या भाषेत विचारलं, "ही एवढ्या लांबून इथं तोंड धुवायला आली? यांच्याकडं पाणी नाही का?"

"यांच्या देशात समुद्र घराच्या वर आहे, आत्या," मी म्हटलं. "बांध घालून अडवलाय."

"मग तिथंच भिजायचं. आमची बादली कशाला?"

हेल्माबाईंनी आम्ही का हसतोय ते विचारलं. इनोकेनं एक अक्षर न गाळता सांगितलं. त्या पुन्हा तोंड बुडवूनही इतक्या हसल्या की नाकात पाणी गेलं, खोकल्या, आणि तोंड वर न काढताच खोकला आवरला. इनोकेनं हळूच माझ्याकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाळूवर गुडघे टेकून, पाण्याखाली, मास्क काढला, पूर्ण एक मिनिट हातात ठेवला आणि परत घातला. दुपारी मॅरियन त्यांना कड्यावर घेऊन गेली. मी होडीतून त्यांचे बुडबुडे बघत होतो. तीन वावांवर ते बुडबुडे एका जागी थांबले. तीन मिनिटं झाल्यावरच डोकं वर आलं.

किनाऱ्यावर त्यांनी इनोकेचे दोन्ही हात धरले. रडल्या थोड्या. मग बसल्यावर विचारलं, "तुम्ही स्वतः का येत नाही खाली?"

तो सहसा 'जुना अपघात' म्हणून सोडून देतो. त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. चहाचा कप, पाच आठवडे, आठ वर्षांच्या चटया, सगळं. शेवटी बाईंनी विचारलं, "आणि मग गावातल्या किती जणांना शिकवलंत?"

उत्तर एकच होतं, आणि ते म्हणजे एकालाही नाही. गावातली पोरं पाहुणी नव्हती, बाकावर बसायचे पैसे त्यांच्याकडं नव्हते, आणि आम्हा कुणाच्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

मला बाईंचा राग आला. तीन दिवस येऊन, बादलीत तोंड बुडवून, एवढं विचारायचं? घरी जाताना मी तसं म्हटलंही.

"बस चालवायची ती," इनोके म्हणाला. "मागं पोरं किती बसलीत ते मोजायची सवय असणार."

बाई गेल्या. त्याच वर्षी, पावसाळा संपल्यावर, लाँच पुन्हा आली. व्यापारी दुसरा, काम तेच. अकरा पोरं जायला तयार झाली.

इनोके गावप्रमुखाकडं गेला. प्रमुख म्हणाले, "तू पोरांना अडवणार असशील तर बोल. शिकवणार असशील तर नको. शिकवलंस की अजून चार जास्त जातील."

"काका, कुणी न शिकवताही मी गेलोच होतो," इनोके म्हणाला.

मॅरियनलाही तीच भीती होती. "मी टाक्या देऊ शकत नाही. आणि दोन धडे ऐकून त्यांना वाटेल आपल्याला सगळं येतं."

"टाक्या नकोत. दोन डझन लेमनच्या बाटल्या द्या."

शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात पोरं बसली. कोपऱ्यात यांगोना ढवळत होते. इनोकेनं बाटल्या उघडल्या, जमीन भिजली, पोरं हसली. मग तो बसला, उजवा पाय पुढं केला आणि चटई शिवायची जाड सुई सगळ्यात पुढच्या पोराच्या हातात दिली. त्याचं नाव इसिकेली, वय एकोणीस, तोंडाचा फटकळ.

"पोटरीत टोच."

"नको ना काका."

"टोच. मला कळलं तर तुला माझी होडी देतो."

इसिकेलीनं सुई टेकवली, पण हात पुढं जाईना. इनोकेनं त्याच्या हातावर हात ठेवून सुई आत दाबली. बोलता बोलता दाबली, आवाज जराही बदलला नाही. रक्ताचा थेंब घोट्यापर्यंत ओघळला. आत्या उठून बाहेर निघून गेली. पोरांचं हसणं थांबलं होतं.

मग त्यानं तीन गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतल्या. श्वास कोंडायचा नाही. बुडबुड्याच्या मागं राहायचं. तीन वावांवर थांबायचं, वर बोट जळत असली तरी. "आणि कोपर दुखलं तर ते पिशवीचं वजन नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही. भित्रा म्हणतील. म्हणू दे."

अकरा जणांपैकी पाच जणांचं मन बदललं. सहा गेले. इसिकेली गेला.

सतराव्या दिवशी दुपारी मी इनोकेच्या अंगणात इंजिनाचा पंखा घासत बसलो होतो. रस्त्यावरून इसिकेली आला. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. अंगणात येऊन बसला.

"कोपर दुखायला लागलं," तो म्हणाला. "दोनदा उतरलो होतो. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. व्यापाऱ्यानं मला बायकी म्हटलं, आईवरून शिव्या दिल्या, आणि उत्तरेच्या टोकाला उतरवून दिलं. बारा मैल चालत आलो."

इनोकेनं हातातली चटई खाली ठेवली. "कधी दुखायला लागलं? काल की आज?"

"काल दुपारी."

"किती खोल? किती वेळ? वर येताना थांबलास?"

"थांबलो. मनात वीस-वीस मोजत, नऊ वेळा."

त्यानं पोराला चटईवर आडवं केलं. माडाच्या हिराची काडी घेऊन तळपायापासून वर सरकवत निघाला. लागतंय? हो. इथं? हो. इथं? "काका, गुदगुल्या होतायत." इनोकेनं पुन्हा खालपासून सुरुवात केली. दोन्ही पाय, पोट, हात. मी मॅरियनला फोन केला. ती शाळेतली प्राणवायूची टाकी घेऊन आली, डॉक्टरांशी बोलली, पोराच्या तोंडावर मास्क बांधला. संध्याकाळपर्यंत कोपर शांत झालं. डॉक्टर म्हणाले, वर्षभर उतरायचं नाही.

इनोके मग मागच्या अंगणात गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेलो. तो पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता.

"काय रे बदका?"

"काही नाही. जा, त्याला जेवायला घाल."

मी नारळाच्या दुधातली मासळी वाढली. इसिकेलीनं तीन वेळा घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. आम्हाला वाटलं आभार मानायला. ती अंगणाच्या मधोमध उभी राहून कडाडली. लाँचवरचा सगळा पगार बुडाला, घराचे पत्रे अर्धे राहिले, आणि हे सगळं इनोकेनं पोराच्या डोक्यात भीती भरवली म्हणून. "तुझा पाय गेला तर सगळ्यांनीच घरी बसायचं काय?" असंही म्हणाली. आत्या उत्तर द्यायला उठली होती, इनोकेनं हातानंच तिला बसवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"खरं आहे ताई," तो म्हणाला. "पत्रे टाकायला मी आणि सिरेली येतो."

मला न विचारता माझंही नाव घातलं. गेलो आम्ही. तो शिडी चढू शकत नाही, म्हणून तो खाली उभा राहून खिळे देत होता आणि मी उन्हात भाजत होतो.

उरलेली पाच पोरं महिन्याभरानं परत आली. एकाचा डावा कान कायमचा गेला. चौघं धड आहेत. हे इनोकेच्या धड्यामुळं की नशिबानं, ते मला सांगता येणार नाही. त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, "कानाबद्दल तेवढं मी काही सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी सांगायला हवं."

लाँच गेल्या वर्षीही आली होती. शनिवारचा धडा आता शेजारच्या दोन गावांतही होतो. मी होडीनं त्याला सोडतो, डिझेल मॅरियन देते. इसिकेली वर्षभरानंतर डॉक्टरांकडं जाऊन आला, आणि यंदा मॅरियनच्या बाकावर पाहुण्यांबरोबर बसून शिकतोय, पैसे न देता. मास्क काढायला त्यालाही जमत नाही. काल आत्या त्याच्यापुढं बादली ठेवताना बडबडत होती की या घरात आता कुणालाच तोंड धुता येईनासं झालंय.